‘घाबरू नका, नंदीला घेऊन या’

मागच्या खेपेला मिरजेला तपासणीला गेले, तेव्हा बाकावर शेजारी एक नवी नवरी पोर बसली होती. उन्हाळा तोंडावर आलेला, पंखा गरगरतोय, आणि हिचे दोन्ही हात पदराखाली. मला राहवलं नाही. म्हटलं, “दाखव बघू.” तिनं आधी इकडं तिकडं बघितलं, मग हळूच हात काढले. दोन बोटं पेरापर्यंत मेणासारखी पांढरी.

“काकू, ह्ये ‘त्ये’ तर न्हवं?” तिनं कानाशी लागून विचारलं.

‘त्ये’ म्हणजे काय हे आमच्या भागात फोडून सांगावं लागत नाही. महारोग. मी तिथंच मोठ्यानं हसले. नर्सबाईंनी डोळे वटारले, वटारू देत. म्हटलं, “न्हाई गं बाई, त्ये न्हवं. मला बी हेच झालतं, आन मी अजून तुझ्या शेजारी बसून शेंगा खातेय.” मग तिला सगळं सांगायला बसले, पण अर्ध्यात तिचं नाव पुकारलं आणि माझी गोष्ट तोंडातच राहिली. म्हणून हे लिहितेय. तिच्यासाठी, आणि तिच्यासारखी जी कोण पदराखाली हात घेऊन बसली असेल तिच्यासाठी.

मी सातवी शिकलेली. डॉक्टरकी मला येत नाही आणि ती सांगण्याचा आवही आणत नाही. माझं काय झालं आणि त्यात माझं काय गेलं, एवढंच सांगते. गेलेलंच जास्त सांगेन. वाचलेलं काय, ते दिसतंच आहे, मी धडधाकट बसलेय.

तेजाब

माझं माहेर आटपाडीकडं. दिलं विट्याजवळच्या गावात, गलाईवाल्याच्या घरी. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, घालून शुद्ध करायचं काम. आमच्याकडच्या निम्म्या पुरुषांची दुकानं मुलखावर, म्हणजे परराज्यात, कुणाचं कुठं, कुणाचं कुठं. आमच्यातलं दुकान कोइमतूरला. थोरले दीर आणि त्यांची बायको, माझ्या जाऊबाई, कायमचे तिकडं. आमचे मालक त्यांच्या हाताखाली. वर्षातनं एकदा गावच्या जत्रेला यायचे. घरात सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, मी, आणि नुकती पावलं टाकायला लागलेली माझी नंदी.

आणीबाणी लागायच्या आधीचा हिवाळा होता. पहाटेचं टाकीच्या पाण्यात भांडी घासताना माझी बोटं पांढरी पडायला लागली. पांढरी म्हणजे रक्त कुणी ओढून घेतल्यागत. मग निळी व्हायची. मग चुलीपाशी धरली की लालबुंद होऊन अशी आग मारायची की तोंडातनं शिवी निघावी. शेजारणी हसायच्या. “शालन, बोटं हायेत का पांढरं मुळं गं?” मीही हसायचे.

आत्याबाईंनी एका दमात निकाल लावला. “तेजाब! जत्रेला त्यो आलता, त्याची दुकानातली कापडं धुतलीस का न्हाई?”

धुतली होती. मालकांची स्वतःची बोटं तेजाबानं पिवळी पडलेली, नखं खाल्लेली. आमच्या गावात हाताला काहीही झालं की ते तेजाबच. कुणाला गजकर्ण झालं तरी तेजाब. मग काय, खोबरेल लावलं, चुन्याची निवळी लावली, साय लावली. उन्हाळा आला आणि बोटं आपोआप बरी झाली. आत्याबाई गल्लीभर सांगत सुटल्या, “उतरलं बगा तेजाब!”

पुढच्या हिवाळ्यात ते व्याजासकट परत आलं. बोटं सुजून टम्म झाली. बांगड्या हातातनं निघेनात, उठल्या उठल्या मूठ वळेना, भाकरीचं पीठ मळताना डोळ्यांतनं पाणी यायचं. गालांवर लाल चट्टे उठले. केस विंचरताना फणीत झुपका यायचा. आणि थकवा असा की नंदीला कडेवर घेतलं की मला लगेच भिंतीला टेकून बसावं लागायचं. ती माझी हनुवटी धरून म्हणायची, “ऊट, ऊट.” उठवत नव्हतं.

मग एके सकाळी तव्यावरची भाकरी उलटताना बोट तव्याला टेकलं आणि टेकूनच राहिलं. मला कळलंच नाही. आधी वास आला, मग कळलं. आत्याबाई बघत होत्या. त्यांच्या हातातली फुंकणी खाली पडली.

गावात सुई टोचणारा एक म्हातारा होता, पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणत. त्यानं लांबूनच माझे हात बघितले, गालावरचे चट्टे बघितले, भाजल्याचं ऐकलं. आत्याबाईंना बाजूला घेतलं. बाजूला घेऊन बोलला खरा, पण बहिरा असल्यामुळं बोलायचाच मोठ्यानं. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

वेगळं ताट

आत्याबाईंना मी वाईट म्हणणार नाही. माझं ताट, तांब्या, अंथरूण त्यांनी वेगळं केलं, ते रडत रडत केलं. मी अंगणात जेवायची. त्या उंबऱ्याच्या आत, पण तोंड माझ्याकडं करून, माझ्याच वेळेला जेवायच्या. सुनेनं एकटीनं गिळू नये म्हणून. तेवढं कोण करतं सांगा!

पण नंदी अजून अंगावर पीत होती. तिला एका दिवसात तोडलं. ती आतनं रडायची, मी अंगणात छातीला पदर गच्च बांधून बसायची. दूध दाटून ताप चढला. त्या तापाचं मी पुढं डॉक्टरांनाही सांगितलं नाही, लाज वाटली.

सांगावा गेला आणि कोइमतूरहून जाऊबाई आल्या. त्यांना आम्ही आक्का म्हणायचो. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, कूस उजवली नव्हती. नवस झाले, सगळं झालं. कुणाच्या बारशाला गेल्या तर मागं उभ्या राहायच्या.

आक्का अंगणात माझ्यासमोर येऊन बसल्या. लांब नाही, समोर. “शालन, पोरीला नेऊ का गं? तू बरी झालीस की आणून सोडते. देवाशप्पत.”

मी काय म्हणणार होते? मलाही तोवर वाटत होतं की मला तेच झालंय. माझा हात लागला तर पोरीचं वाटोळं होईल. मी मान हलवली. गाडी दारात आली. नंदीनं आक्कांच्या कडेवरनं माझ्याकडं दोन्ही हात पसरले, आणि मी माझे हात पाठीमागं बांधले. एक पापा घेतला असता तर काही झालं नसतं, हे मला नंतर मिरजेत कळलं. कळून काय उपयोग? त्याचं वाईट आजही वाटतं, आणि वाटणारच.

मिरज

माझा थोरला भाऊ आण्णा मिलिटरीत. सुट्टीवर आला तो तडक आमच्या अंगणात. मला बघून त्यानं ट्रंक आपटली.

“आवं आत्याबाई, महारोग असंल तर महारोगाची दवा घिऊ की! अंगनात बसवून काय मिळनार हाय? चल गं, सामान बांध. फौरन.”

एस्टीत मी खिडकीशी, तो बाजूला, मधे कुणाला बसू दिलं नाही. हात गार पडू नयेत म्हणून त्यानं त्याचे मिलिटरीचे लोकरी मोजे माझ्या हातात चढवले. सारी गाडी बघत होती, बाईनं हातात पायमोजे घातलेत. आण्णानं एकाला विचारलं, “क्या देखता है?” त्यानंतर कुणी बघितलं नाही.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. कापसानं, मग टाचणीनं बोटांना टोचलं. “कळतंय का?”

“आवं टोचतंय की! कळंना कसं?”

पुन्हा टोचलं. हातावर, पायावर, गालावर. सगळीकडं कळत होतं. मग त्यांनी एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं. ह्या बाई पाटणकडच्या, बोलायला अगदी घरच्यासारख्या. त्यांनी घमेल्यात बर्फाचं पाणी मागवलं आणि माझे हात त्यात बुडवले. बघता बघता बोटं पांढरीफटक. तेव्हा टोचलं तर कळेना. ऊब दिली, लाल झाली, कळायला लागलं. बाईंचे डोळे असे चमकले की मला रागच आला. माझा जीव जातोय आणि ह्यांना काय सापडल्यागत झालंय!

पण सापडलंच होतं. “बाई, महारोगात गेलेली जाणीव अशी येत-जात नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची तव्यावर भाजली तेव्हा बोटं पांढरी होती का?”

होती. हिवाळ्यातली सकाळ, नुकते पाण्यातनं काढलेले हात. कुणी मला हे विचारलंच नव्हतं.

रक्त काढून मुंबईला पाठवलं. ते येईपर्यंत मी वॉर्डात. तिथलं सांगायचं तर, सकाळी आधी झाडूवाली, मग थर्मामीटर, मग चहा. मागच्या अंगाला नातेवाईकांच्या चुली पेटायच्या आणि लसणीच्या फोडणीचा वास वॉर्डात यायचा. त्या वासानं बऱ्याच बाया निम्म्या बऱ्या व्हायच्या. माझ्या शेजारच्या खाटेवर जतकडची एक आजी होती. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची. माझी बोटं पांढरी पडली की ही आजी त्यांना आपल्या काखेत धरायची. सगळी बाहेरची माणसं लांब सरत होती तेव्हा ही धरायची. तिचं नाव मी विचारलं नाही, आजीच म्हणायचे. पुढं ती वारली तेव्हा मी तपासणीला खाली गेले होते.

भीती? होती की. मधेच छातीत दुखायला लागलं, काळजाभोवती पाणी साठलंय म्हणाले. आण्णाची सुट्टी संपत आलेली. आण्णा बाहेर व्हरांड्यात तोंड फिरवून उभा राहायचा. मला वाटायचं, मेले तर मेले, पण नंदी मला एकदा दिसली पाहिजे. दुसरं काही मागणं नव्हतं.

मुंबईचं उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवरच बसल्या. म्हणाल्या, “महारोग नाही. शंभर टक्के नाही.” पुढं त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, ‘मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू’ आणि काहीबाही. नाव ऐकूनच निम्मा ताप चढला. चार-पाच वर्षांपूर्वीच म्हणे तिकडं अमेरिकेत ह्याला वेगळा रोग म्हणून ओळखलं. स्टेरॉईडच्या गोळ्या घ्यायच्या, जीव वाचेल, पण रोग मुळासकट जाईल असं सांगता येत नाही. मी पुढचं ऐकलंच नाही. ‘महारोग नाही’ एवढ्यावरच मी थांबले होते. ‘नाही’ म्हणजे नंदी परत येणार.

सांगावा

बापू आमच्या गल्लीतला. कोइमतूरला दिरांच्या दुकानाशेजारी त्याचं दुकान. तो दुसऱ्या दिवशी गाडीला निघणार, म्हणून मला भेटायला आला. पत्र लिहिलं तर ते पोचायच्या आधी बापू पोचणार. तार करावी तर आमच्याकडं तार म्हणजे मयतच, फोडायच्या आधी घर रडायला लागतं. म्हणून मी बापूपाशी सांगावा दिला.

“बापू, आक्कांना सांगा, महारोग न्हाई निघाला. आता बरं हाय म्हणावं. घाबरू नका, नंदीला घेऊन या. बिगीबिगी या.”

बापूनं तो दोनदा म्हणून दाखवला. बिचाऱ्यानं त्यात अक्षराचा बदल केला नाही. तिथं जाऊन जसाच्या तसा सांगितला.

आठवड्याभरानं मी खाटेवर बसून भाकरी-चटणी खात होते. स्टेरॉईडनं भूक अशी लागायची की काही विचारू नका. वॉर्डाच्या दारात मालक उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, तोंडाला टॉवेल. माझ्याकडं बघत तिथंच फरशीवर मटकन बसले.

“अगं… तू हायस व्हय?”

“मग? कुठं जाऊ?”

ते जे रडायला लागले ते थांबेनात. नर्स धावली. जतची आजी विचारायला लागली, कोण वारलं म्हणून. मग सगळं उलगडलं.

आमच्या मुलखात मरणाचा सांगावा कधी सरळ देत नाहीत. बाप मेला तरी लेकाला सांगतात, ‘वडलांचं जरा जास्त हाय, घाबरू नका, येऊन जावा.’ वाटेत त्यानं जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून. आपणही लहानपणापासून हेच ऐकत आलेलो. ‘घाबरू नका’ ऐकलं की माणूस काय ते समजून जातं. आणि ‘पोरांना घेऊन या’ म्हटलं की मग विचारायलाच नको, तोंड बघायला बोलावलंय. तिकडं कोइमतुरात बापूनं उंबऱ्यात उभं राहून म्हटलं, ‘बरं हाय, घाबरू नका, नंदीला घेऊन या,’ आणि आक्कांनी हंबरडा फोडला. बापू शपथा घालून सांगत होता, आवं खरंच बरी हाय, मी डोळ्यानं बघितली. पण सांगावा आणणारा शपथा घालणारच, असंच त्यांना वाटलं. कुणी त्याला खोटं म्हटलं नाही. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी वॉर्डात पोट धरून हसले. छातीत दुखत होतं तरी हसले. मग विचारलं, “आन नंदी कुठाय? खाली हाय का?”

मालक टॉवेलनं तोंड पुसत राहिले.

“वहिनी म्हनल्या, कवळं लेकरू मयताला कशाला? तिनं आईचं तसं तोंड बगू नये. मला एकट्याला धाडलं.” मग म्हणाले, “त्या दिवशी वहिनींनी देवापुढं दिवा लावला. पोरीला मांडीवर घेऊन म्हनल्या, आजपासनं हिची मी.”

माझं हसणं तिथंच थांबलं. इतके दिवस आक्का माझी पोर सांभाळत होत्या. त्या दिवसापासून त्या आई झाल्या. मालक परत जाऊन खरं काय ते सांगेपर्यंत त्या आईच होत्या, आणि असं एकदा झालेलं माणूस मागं कसं फिरणार? खरं कळल्यावर त्यांनी गल्लीत गूळ वाटला म्हणे. मनापासून वाटला असणार, त्या तशाच होत्या.

माझ्या अंगातलं काय बिघडलं

ही गोष्ट दवाखानाभर झाली. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या त्या हसतच आल्या. मी चिडलेलीच होते. म्हटलं, “हसा! पण मला एकदा सांगा, माझ्या अंगात नेमकं काय बिघडलंय? महारोग न्हाई, तेजाब न्हाई, मग हाय काय?”

बाई म्हणाल्या, “सांगाव्याचंच बिघडलंय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. त्यातलं काही त्या वेळी कळलेलं होतं, काही पुढं कितीतरी वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी त्यात भर घातली.

आपलं अंग बारीक बारीक पेशींचं. एकेक पेशी म्हणजे एक घर. माजघरात सगळा कारभार ठाऊक असलेली मालकीण असते, ती काही उंबरा ओलांडत नाही. काय करायचं, किती करायचं, त्याचा ती सांगावा बाहेर धाडते. त्या सांगाव्याला आरएनए म्हणतात. बाहेर तो वाचला गेला की तसं काम होतं. इथवर सोपं. पण तो सांगावा कधी एकटा जात नाही. निघाला की त्याला धरणारे आलेच, ती प्रथिनं. कुणी त्यातलं नको ते छाटून नीट करतं. कुणी दाराबाहेर काढतं. कुणी वाटेत त्याला जपतं, मोडू देत नाही. कुणी ‘आत्ता नको, दमानं’ म्हणून दाबून धरतं आणि वेळ झाली की सोडतं. कुणी काम झालं की मोडून टाकतं. सांगावा तोच असतो, पण त्याचं काय होणार हे धरणाऱ्यावर ठरतं.

“आणि तुमच्या अंगातले राखणदार,” बाई म्हणाल्या, “चोर सोडून ह्या धरणाऱ्यांच्याच अंगावर गेलेत. मुंबईला रक्तात तेच सापडलं.”

“का पर? त्यांनी काय घोडं मारलं?”

“ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्यावरनं बोटं पांढरी कशी होतात, तेही आम्हाला धड जोडता येत नाही.”

हे मला आवडलं. डॉक्टर माणूस ‘माहीत नाही’ म्हणतं तेव्हा उरलेल्यावर भरवसा ठेवता येतो. मी म्हटलं, “म्हंजे माझ्या अंगात बापूलाच धरून मारायला लागलेत म्हणा की.” बाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मला हसायला आलं नाही. नंदीपर्यंत गेलेला सांगावा आता परत कसा वळवायचा, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

बरी दिसणं

घरी आले ती गुबगुबीत होऊन. स्टेरॉईडनं तोंड सुजतं, गाल फुगतात. गावाला वाटलं, शालननं अंग धरलं, बरी झाली. बाळे, तुझंही असंच होईल. लोक म्हणतील ‘तब्येत सुधारली’, आणि तुला जिना चढवत नसेल. ऐकून घे आणि गप बस. गोळी मात्र मनानं सोडू नकोस. मी सोडली होती, तोंडाची लाज वाटून. पुन्हा मिरज दिसलं. थंडीत हातमोजे घाल, हसणाऱ्याला हसू दे, भांडी कोमट पाण्यानं घास.

आत्याबाईंनी मी आले त्या दिवशी माझ्या ताटातला घास उचलून स्वतःच्या तोंडात घातला, गल्लीतल्या बाया बघत असताना. आमचं तेवढ्यात मिटलं.

नंदी मात्र लगेच येऊ शकली नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्यात उचलाउचल नको, लहान मुलांचा खोकला-पडसं नको. मग ती गोळीची भानगड झाली. मग पाऊस लागला. असं करत जत्रा उजाडली.

जत्रेला

आक्का नंदीला घेऊन आल्या, तेव्हा मी गावाबाहेरच्या पांदीपर्यंत सामोरी गेले. नंदी आता चुरुचुरु बोलत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “आई.”

मी रस्त्यातच बसले. गावाला ओरडून सांगावंसं वाटलं. आक्का म्हणाल्या, “तिला रोज तुझा फोटू दावायची मी. मला अम्मा म्हणते, तिकडली पोरं म्हणत्यात तसं. आई हा सबूद तुझ्यासाठी ठिवला बग.” एवढं मन कुणाचं असतं? मी त्यांच्या पाया पडले.

जत्रेसाठी आलेल्या आक्का महिनाभर राहणार होत्या, आणि जाताना नंदीला माझ्यापाशी ठेवून जाणार होत्या. तसं ठरलंच होतं. मालक, आत्याबाई, सगळे खूश. मी तर काय, हवेत होते.

पहिल्याच दिवशी नंदी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “तण्णी.” मला कळेना. तिनं पुन्हा म्हटलं, मग रडकुंडीला आली. आतनं आक्कांचा आवाज आला, “पानी मागतीया गं.” मी तांब्या घेऊन गेले तोवर ती आक्कांच्या मांडीवर बसून पाणी पीत होती.

मी तिची वेणी घालायला बसले तर माझी बोटं वळेनात. रिबिनीची गाठ सुटून सुटून येत होती. ती बिचारी गप बसली, कुणा पाहुणीपुढं बसावं तशी. शेवटी आक्का म्हणाल्या, “आण हिकडं,” आणि मला मदत केल्यागत दाखवत वेणी घातली.

मग एकदा ती अंगणात पडली, गुडघा फुटला. मी जवळ होते, आक्का परसात. मी धावले, हात पुढं केले. नंदी उठली, माझ्या हाताखालनं वाकून “अम्मा, अम्मा” करत परसाकडं पळाली. मी तशीच उभी. आक्कांनी तिला उचललं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू त्यांनीच काही चोरलंय. “सवय हो,” त्या म्हणाल्या. “जाईल.”

मी आत्याबाईंना काही बोलले नाही, मालकांनाही नाही. सगळे म्हणत होते, “आई म्हणती की तुला, आनि काय पायजे?” खरंच म्हणत होती. दिवसातनं दहादा. आई, ही भावली बघ. आई, कोंबडी आली. आत्याबाईंना ती आत्याबाई म्हणायची, बापूला बापू म्हणायची, आणि मला आई.

जायच्या दिवशी सगळे विट्याच्या स्टँडवर गेलो. आक्कांनी नंदीला काही सांगितलं नव्हतं. आयत्या वेळी फुगा देऊन गुंगवायची आणि त्या गुपचूप गाडीत चढणार, असं ठरलेलं. आक्कांचं तोंड उतरलेलं, पण त्या शब्दाला पक्क्या होत्या. सकाळपासनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता त्यांनी.

बाकावर एक शेंगा विकणारी म्हातारी होती. तिनं नंदीच्या हातात चार शेंगा ठेवल्या आणि गमतीनं विचारलं, “ह्यातली आई कुठली गं तुजी, बाय?”

नंदीनं जराही वेळ न लावता माझ्याकडं बोट केलं. “ही आई.”

आक्कांनी डोळे मिटून मान हलवली. शिकवलेलं बरोबर आलं होतं.

मग नंदीनं आक्कांचा पदर मुठीत धरला, त्यात तोंड लपवलं आणि म्हणाली, “आन ही माजी.”

गाडी लागली. माणसं चढायला लागली. मालकांनी फुगा विकत घेऊन तयार ठेवला होता, ते मला खुणावत होते, धर तिला म्हणून. आक्कांनी पिशवी उचलली आणि दुसऱ्या हातानं पदर सोडवायला लागल्या. नंदीचं एकेक बोट उघडत होत्या.

“आक्का, ऱ्हाऊ द्या,” मी म्हणाले. “दोघी बी बसा गाडीत.”

“शालन, अगं…”

“वरीसभर ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी. मी जरा बरी होते, मग बगू.”

मी बरी झाले. नंदी तिकडंच राहिली.